केडगावचे मोठे चर्च आणि दुष्काळातल्या मुली



आमचे काम ज्या शिरपूरच्या परिसरात चालते, ते वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातले गाव. कागदोपत्री ‘शिरपूर जैन’. येथे अंतरिक्ष पार्श्वनाथाचे जुने मंदिर आहे. काळ्या रंगाची ती मूर्ती जमिनीला पूर्ण टेकलेली नाही, अशी तिची ख्याती, म्हणून नाव ‘अंतरिक्ष’. दूरदूरचे यात्रेकरू येतात. दिगंबर आणि श्वेतांबर पंथांच्या वादात १९८१ पासून या मंदिराला कुलूप होते आणि भाविक झरोक्यातून दर्शन घेऊन परत जात. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मार्च २०२३ मध्ये, बेचाळीस वर्षांनी, ते उघडले. आपण ख्रिस्ती लोकांनी मात्र यावर हसू नये. आपल्याही चर्चच्या जागांचे, कमिट्यांचे आणि कुलपांचे खटले कोर्टात पडून आहेत.

गावाबाहेरच्या वस्तीवर आमची संध्याकाळची अभ्यासिका भरते. आंध समाजाची आणि काही फासेपारधी कुटुंबांची मुले येतात. एका संध्याकाळी मुलीला न्यायला आलेल्या एका आईने मला सहज विचारले, “ताई, इथं जैनायचं एवढं मोठं मंदिर हाय. तुमच्या लोकायचं असं पाह्यासारखं देऊळ कुठी हाय?”

मी मुंबई-पुण्याची दोन-चार नावे सांगितली. कमान, रंगीत काचा, उंच मनोरे. तिला त्यात काही विशेष वाटले नाही. “ते तं साहेबायचे,” ती म्हणाली. मग मी केडगावबद्दल सांगू लागले आणि ती खाली बसली.

गणपतीच्या सुट्टीत आम्ही निघालो. नऊ मुली, चार आया, माझी एक सहकारी आणि मी. शिरपूरहून एसटीने अकोला, तिथून रात्रीची रेल्वे, पहाटे दौंड आणि मग पुण्याकडे जाणाऱ्या गाडीने केडगाव. आयांपैकी तिघी पहिल्यांदाच रेल्वेत बसल्या होत्या. भेटीची परवानगी आधीच पत्र पाठवून घेतली होती. तुम्हीही जाणार असाल तर तसेच करा. तिथे आजही मुली आणि स्त्रिया राहतात, ते काही पर्यटनस्थळ नाही.

‘मुक्ती’ हे नाव आपल्या मंडळ्यांत सर्वांना माहीत असते. पण पंडिता रमाबाईंनी एका खेड्यात एवढे मोठे चर्च का बांधले, हे विचारले तर बहुतेकांना सांगता येत नाही. मलाही येत नव्हते. थिऑलॉजीच्या डिप्लोमाला असताना रमाबाईंवर एक तास झाला होता आणि त्यात त्यांचा बाप्तिस्मा, १९०५चे पुनरुज्जीवन आणि बायबलचे भाषांतर एवढेच होते. चर्चच्या इमारतीविषयी कोणी काही बोलले नव्हते.

ते चर्च क्रुसाच्या आकाराचे आहे. बाहेरून पाहिले तर उंचीने डोळे दिपत नाहीत. इमारत आडवी पसरलेली आहे. आत गेले की तो पसारा कळतो. लांब दालन आणि दोन्ही बाजूंना निघालेले बाहू. जिथे हे सगळे एकत्र येतात तिथे उभे राहून बोलले, तर मागे आणि दोन्ही बाजूंना बसलेली माणसे सारखीच जवळ असतात. लाऊडस्पीकर नसलेल्या काळात फार मोठ्या मंडळीला ऐकू जावे यासाठी हा आकार किती सोयीचा असेल, हे आमच्यातल्या एका मुलीने लगेच ताडले. ती मधोमध उभी राहून हळू आवाजात पाढे म्हणू लागली आणि बाकीच्यांना तिने कोपऱ्यांत पाठवले. सगळ्यांना ऐकू आले.

रमाबाईंच्या काळात मुली या चर्चमध्ये खाली जमिनीवर, रांगेने मांडी घालून बसत. बाकांवर जेवढी माणसे मावतात, त्याच्या कितीतरी जास्त खाली मावतात, आणि ज्या मुली इथे येत होत्या त्यांनी आयुष्यात बाक पाहिलेला नव्हता. आमच्या आयासुद्धा न सांगता खालीच बसल्या.

आता मुख्य गोष्ट. चर्चची पायाभरणी १८९९ मध्ये झाली. त्याच वर्षी पाऊस हुकला. गुजरात-राजस्थानात त्या दुष्काळाला विक्रम संवत १९५६ वरून ‘छप्पनिया’ म्हणतात. महाराष्ट्र, वऱ्हाड आणि मध्य प्रांतही त्यात होरपळले. अशा वर्षी शहाणा माणूस बांधकाम थांबवतो. रमाबाईंनी थांबवले नाही. त्यांच्याकडे तेव्हा काहीशे मुली होत्या. काम चालू असतानाच रमाबाईंच्या सहकारी स्त्रिया गुजरातच्या दुष्काळी भागात जाऊन मुलींना घेऊन येत होत्या. १९०० हे वर्ष संपेपर्यंत केडगावात सुमारे दोन हजार मुली आणि स्त्रिया झाल्या होत्या. एवढ्या जणींना एका वेळी एका छपराखाली बसवायचे, तर लहान चर्च कुठून पुरणार? शहरातली मोठी चर्चे लष्करी छावणीसाठी, साहेबांच्या वस्तीसाठी किंवा श्रीमंत मंडळीसाठी उभी राहिली. हे एक मोठे चर्च असे आहे, की ज्याच्या मंडळीत जवळजवळ सगळ्याच स्त्रिया आणि त्यातल्या बहुतेक उपाशी घरांतून आलेल्या होत्या.

आणि ते कोणा परदेशी मिशनरी सोसायटीने बांधलेले नाही. मदतीचे पैसे बाहेरून येत होते, परदेशी स्त्रियाही कामाला होत्या. पण जमीन घेणे, आराखडा, हिशेब, निर्णय हे सारे एका मराठी विधवेच्या हाती होते. हे १८९९ चे आहे, हे लक्षात ठेवून वाचा.

रमाबाईंना दुष्काळ पुस्तकातून कळलेला नव्हता. त्यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलींना संस्कृत शिकवले आणि त्यापायी समाजाचा रोष ओढवून घेतला. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरत असे. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण उपासमारीने गेले. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी देशभर फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले आणि तिथे विद्वानांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले. पुढचे आपल्याला माहीत आहे: बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह, दोन वर्षांच्या आत वैधव्य, लहानगी मनोरमा, १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा, अमेरिकेचा दौरा आणि मार्च १८८९ मध्ये मुंबईला विधवांसाठी शारदा सदन. सदन पुढच्याच वर्षी पुण्याला आले.

केडगावची जमीन त्यांनी घेतली ती शेतीसाठी. फळबाग लावायची आणि त्या उत्पन्नावर सदन चालवायचे, म्हणजे देणगीदारांच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही, असा विचार होता. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेग होता. शहरात एवढ्या मुली ठेवणे शक्यच नव्हते. फळबागेच्या जागेवर झोपड्या आणि तंबू पडले आणि शेताची वसाहत झाली.

मध्य प्रांत म्हटले की आपल्या भागातल्या वाचकांनी कान टवकारावेत, कारण बैतूल आणि मेळघाट हे शेजारी. आणखी एक धागा आहे. अल्बर्ट नॉर्टन नावाचे अमेरिकन मिशनरी भैसदेहीच्या बाजूला अनेक वर्षे कोरकूंमध्ये काम करत होते. कोरकूंची भाषा, त्यांची उपासमार, सावकाराचे फास, हे सारे त्यांनी जवळून पाहिले होते. केडगावात मुलींची सोय झाली. पण दुष्काळातून मुलींबरोबर त्यांचे भाऊही येत होते. त्यांचे काय करायचे? नॉर्टन आणि त्यांच्या पत्नी दौंडला आले आणि अनाथ मुलग्यांसाठी त्यांनी आश्रम काढला. दौंडच्या फलाटावर पहाटे चहा पिताना मी हे मुलींना सांगितले. त्या झोपेत होत्या, त्यांनी फारसे ऐकले नाही. एका आईने मात्र ऐकले. तिच्याकडे मी परत येणार आहे.

दोन हजार जणींना जेवू घालणे हे पहिले काम. दुसरे काम त्याहून अवघड होते: त्यांना पुढे काय करायचे? रमाबाईंचे उत्तर चर्चच्या आजूबाजूला उभे राहिले. विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, दुग्धशाळा, शेती, छापखाना. प्रत्येकीने वाचायला शिकायचे आणि हाताला एक काम यायलाच हवे. अंध मुलींसाठी ‘बार्तिमी सदन’ होते, तिथे त्या बोटांनी ब्रेल वाचायला शिकल्या. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ होते. दोन्ही नावांत दया आहे, पण कोणाची लाज काढलेली नाही. संस्थांना नावे देणाऱ्यांनी यातून शिकावे. आमच्याकडे एका संस्थेच्या फाटकावर मोठ्या अक्षरांत ‘अनाथ’ लिहिलेले असे आणि मुले शाळेतून परतताना मान खाली घालून त्या पाटीखालून जात.

छापखान्याविषयी थोडे जास्त लिहिते. ‘मुक्ती प्रेअर-बेल’ नावाचे पत्रक केडगावहून निघे. हातात धरलेले हे त्रैमासिक वाचताना त्या पत्रकाची आठवण ठेवा. आपला वंश तिथला आहे. पण छापखान्याचे मोठे काम म्हणजे बायबल. जुने मराठी भाषांतर संस्कृत शब्दांनी जड आहे, खेड्यातल्या बाईला ते कळत नाही, शिवाय त्यातल्या कित्येक शब्दांना आधीचेच दुसरे अर्थ चिकटलेले आहेत, असे रमाबाईंचे मत होते. संस्कृत ज्यांना घरात बोलता येत होते त्यांनीच हे म्हणावे, याला वजन आहे. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांतून साध्या मराठीत संपूर्ण बायबल त्यांनी एकटीने आणले. टाइप जुळवणे, मुद्रिते तपासणे, छापणे ही कामे मुक्तीतल्या मुली करत होत्या. त्यांतल्या कित्येकींना केडगावला येण्यापूर्वी अक्षर माहीत नव्हते. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. त्याआधीच्या जुलैत मनोरमाबाई गेल्या होत्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये छापून झाला.

१९०५ च्या पुनरुज्जीवनाची साक्ष आपण पुष्कळदा ऐकली आहे, म्हणून इथे ती परत सांगत नाही. एवढेच म्हणते, की त्या रात्रंदिवस चाललेल्या प्रार्थनांमधल्या मुली पाच-सहा वर्षांपूर्वी दुष्काळातून आलेल्याच होत्या.

दुपारी जेवणानंतर आम्ही चर्चच्या सावलीत बसलो होतो. मी हे सारे त्यांना सोप्या भाषेत सांगत होते. तेव्हा पहिल्या संध्याकाळी मला प्रश्न विचारणारी तीच आई म्हणाली, “म्हंजे जेवाले देऊन देव बदलवला काय मंग या पोरीयचा?”

माझी सहकारी अस्वस्थ झाली. मला मात्र हा प्रश्न वाईट वाटला नाही, आणि आपल्या वाचकांपासून तो लपवावा असेही वाटत नाही. रमाबाईंनाही तो विचारला गेला होता. शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असे ठरले होते. तरी काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला जाऊन बसत. त्यावरून १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठले आणि न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी मोठी माणसे सल्लागार मंडळातून बाहेर पडली. केडगावला मात्र त्यांनी काही झाकले नाही. ते घर उघडपणे ख्रिस्ती होते. हे मला प्रामाणिक वाटते. पण दहा वर्षांची उपाशी मुलगी ‘नको’ कशी म्हणेल, हा प्रश्न उरतोच, आणि रमाबाईंवरच्या माझ्या प्रेमाखातर मी तो पुसून टाकणार नाही. मी त्या आईला एवढेच सांगितले, की दुसरे कोणी त्यांना दारात उभे करत नव्हते, रमाबाईंनी केले. आणि आमच्या अभ्यासिकेत प्रार्थनेला बसणे न बसणे ज्याच्या त्याच्या मर्जीवर आहे, हे तुम्ही रोज पाहता. ती म्हणाली, “थे तं पायतोच.” मग थोड्या वेळाने, “या पोरी कोणाच्या व्हत्या?”

कोणाच्याच नव्हत्या, असे मी म्हणाले. ती चर्चकडे बघत राहिली.

तिच्या मनात काय चालले होते ते मला माहीत होते, कारण त्यासाठीच मी तिला बरोबर घेतले होते. तिची मुलगी चौदा वर्षांची, आठवीत, आमच्या अभ्यासिकेतली सगळ्यात हुशार. दसऱ्यानंतर हे कुटुंब ऊसतोडीला जाते. ज्यांना ही रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: मुकादमाच्या वहीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक ‘कोयता’ म्हणतात आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते. एकट्या मुलाला पूर्ण कोयता धरत नाहीत. म्हणून मुलगा कामाला आला की त्याच्यासाठी मुलगी शोधतात आणि तिचे वय कोणी विचारत नाही. मागे ठेवली तर तिच्याकडे पाहणार कोण, ही आईबापाची भीती खरी असते; नात्यातल्या एका घराने या मुलीला मागणी घातली होती. कायदा अठराचा आहे हे मी त्यांना सांगितले होते. बापाने ऐकून घेतले आणि विचारले, “मंग चार वर्सं तिले ठेवू कुठी?”

पत्रके आणि भाषणे या प्रश्नापाशी येऊन थांबतात. केडगावात मला जे दिसले ते हेच, की रमाबाईंनी ‘कुठे’ याचे उत्तर आधी बांधले. फळबाग होती म्हणून तंबू ठोकता आले. तंबू होते म्हणून मुली आणता आल्या. मुली होत्या म्हणून चर्च एवढे मोठे झाले. आपल्या काही मंडळ्यांत हा क्रम उलटा झाला आहे: आदिवासी पाड्यावर आधी सुंदर चर्च, मग त्याला रंग, मग कुंपण आणि पुढे पैसे उरले तर मुलांसाठी खोली. मी स्वतः एका अशा इमारतीच्या उद्घाटनाला आनंदाने टाळ्या वाजवल्या आहेत. आठवड्यातले सहा दिवस तिला कुलूप असते.

परतीच्या गाडीत ती आई माझ्या शेजारी बसली. दौंड आले तेव्हा तिने खिडकीतून बोट दाखवून विचारले, “पोरायचं थे इथंच व्हतं ना?” सकाळी फलाटावर ऐकणारी तीच होती.

आमच्याकडे वाशिमला भाड्याच्या घरात बारा मुलींची सोय आहे. अकरा जागा भरलेल्या होत्या. परतल्यावर आठ दिवसांनी बाप आला, फॉर्मवर सही करायला. त्याने अंगठा दिला. आईने मात्र अभ्यासिकेत मुलीकडून शिकलेली तिची तीन अक्षरे काढली, वळणदार नव्हती, पण वाचता येत होती. नात्यातल्या घराला निरोप गेला.

दसरा झाला. मुकादमाचा ट्रक पहाटे वस्तीवर आला तेव्हा मी तिथे होते. भांडी, गोधड्या, पत्र्याची पेटी, शेळी, कोंबड्या, सगळे वर चढले. मुलगी आमच्याकडे राहिली. तिचा धाकटा भाऊ आठ वर्षांचा आहे, दुसरीत. तो गोधड्यांवर बसून सगळ्यांना हात करत गेला. त्याची शाळा आता एप्रिलपर्यंत सुटली.

मुलग्यांच्या वसतिगृहासाठी आम्ही जागा पाहत आहोत. ती अजून मिळालेली नाही.